चिमणीतला वायू, श्वासातले कण
चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची राख दिसते. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर ती बसते, म्हणून तिच्याबद्दल ओरड होते. गंधकाचा वायू दिसत नाही. राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्रणेतून तो सरळ निसटतो.

कोळशात अर्धा टक्का गंधक धरलं, तर टनामागे पाच किलो. ते जळून दहा किलो सल्फर डायऑक्साइड होतो. उन्हात हवेतले हायड्रॉक्सिल रेणू त्याचं हळूहळू सल्फ्युरिक आम्ल करतात. ढगांच्या किंवा धुक्याच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड हेच काम फार झपाट्याने उरकतो. पुढे आम्लाला अमोनिया भेटतो, गोठ्यातल्या शेणामुतातून आणि धानाच्या बांधीत फेकलेल्या युरियातून उठलेला. दोघांचं अमोनियम सल्फेट होतं. सगळ्या गंधकाचं रूपांतर झालं, तर पाच किलोचा वीस किलो क्षार, आणि कण इतके बारीक की थेट फुफ्फुसाच्या तळाशी जावेत.

चंद्रपूरहून चिमूर सरळ रेषेत साठेक किलोमीटर, मधे ताडोबाचं जंगल. दक्षिणेचा वारा ताशी 10 किलोमीटरने वाहिला, तर सहा तासांत चिमूर गाठतो. वायू हवेत एक-दोन दिवस टिकतो, त्याचे कण मात्र पाऊस नसेल तर आठवडाभर तरंगतात.

म्हणूनच ‘सल्फर डायऑक्साइड तर मर्यादेतच आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मोजणी होते ती रूपांतर व्हायच्या राहिलेल्या वायूची. रूपांतर झालेला भाग पीएम 2.5 च्या, म्हणजे सूक्ष्म कणांच्या आकड्यात जातो आणि त्याचा दोष रस्त्यावरच्या धुळीच्या माथी मारला जातो.

केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये 500 मेगावॉट व त्यावरच्या जुन्या संचांना धुरातल्या सल्फर डायऑक्साइडसाठी घनमीटरमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली, ती वारंवार वाढवली. जुलै 2025 मध्ये तर देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागांतल्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा आहे. 2009 च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं. इथे सूट देणं अन्याय ठरेल.

उपाय जुनाच आहे: धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा. गंधक त्यात अडकतं आणि जिप्सम तयार होतो. चुनखडी याच जिल्ह्यात, कोरपना-राजुऱ्याकडे निघते. तिथेच सिमेंटचे कारखाने आहेत, आणि सिमेंट चटकन घट्ट होऊ नये म्हणून त्यांना जिप्सम लागतोच.