आय-सेव्हनचा मोह : घरगुती संगणकाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकमधील एखाद्या मध्यमवर्गीय घरात संगणकावर होणाऱ्या कामांची यादी केली, तर ती फारशी लांबत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे १९८९ पासून नाशिकमधून चालणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या, विद्यार्थ्याला ई-पुस्तके वाचायची व स्वाध्याय लिहायचे असतात; कोणाला एमएस-सीआयटीचा सराव करायचा असतो; सातपूर किंवा अंबडमधील छोट्या कारखानदाराला दरपत्रके आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते; निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला फवारणीच्या नोंदी आणि मजुरीचा हिशेब ठेवायचा असतो; आणि बहुतेक घरांत परगावी असलेल्या मुलांशी व्हिडिओवर बोलणे, ऑनलाइन अर्ज भरणे, सातबारा काढणे ही कामे असतातच. यांपैकी एकाही कामाला अफाट गणनशक्ती लागत नाही. तरीही कॅनडा कॉर्नर किंवा महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत खरेदीची चर्चा सुरू होते ती प्रोसेसरच्या नावापासून, आणि पुष्कळदा तिथेच संपते.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड व सूचनांची अंमलबजावणी करणारी मुख्य चिप. इंटेल कंपनीने या चिपांना वर्षानुवर्षे आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन अशी नावे दिल्यामुळे आय-सेव्हन हा प्रत्येक बाबतीत आय-थ्रीपेक्षा सरस असतो, असा समज घट्ट झाला आहे. वस्तुतः हे आकडे एकाच पिढीतील चिपांची आपापसातील पायरी सांगतात. पिढी बदलली की तुलना कोलमडते. २०१२ मधील आय७-३७७० आणि २०२२ मधील आय३-१२१०० या दोन्ही चिपांत चार गाभे आहेत (गाभा म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा चिपेचा भाग, ज्याला बाजारात कोअर म्हणतात) आणि दोन्ही एका वेळी आठ कार्यप्रवाह हाताळतात; पण दहा वर्षांत रचना सुधारल्यामुळे नंतरची ‘धाकटी’ चिप तेच काम पुष्कळ लवकर उरकते. लॅपटॉपमध्ये तर फरक अधिक ठळक दिसतो, कारण आय७-७५००यू या चिपेत केवळ दोन गाभे होते, तर आय३-१२१५यू या चिपेत सहा आहेत. म्हणून नावापुढील अंक वाचणे आवश्यक ठरते : आय५-१२३५यू यातील पहिले दोन अंक बारावी पिढी दाखवतात आणि शेवटचे ‘यू’ हे अक्षर चिप कमी वीज घेणारी, म्हणजे पातळ लॅपटॉपसाठीची, असल्याचे सांगते, तिथे ‘एच’ असेल, तर चिप अधिक ताकदीची, अधिक वीज घेणारी आणि अधिक तापणारी असते.

मात्र अंक वाचता आले म्हणून ग्राहक पूर्ण सुरक्षित झाला, असे नाही. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू या चिपेतील पहिला सात २०२३ सालच्या मालिकेचा निदर्शक आहे, परंतु तिसऱ्या स्थानावरील दोन हा अंक चिपेची मूळ रचना २०१९ मध्ये बाजारात आलेल्या ‘झेन २’ आराखड्याची असल्याचे सांगतो, आणि हे स्पष्टीकरण खोक्यावर कोणी ठळक अक्षरांत छापत नाही. इंटेलनेही २०२३ अखेरपासून नव्या चिपांच्या नावांतील ‘आय’ हे अक्षर गाळून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे रूढ केली आहेत. नामकरणाचा हा घोळ ग्राहकाच्या सोयीसाठी केलेला नाही, हे उघड आहे.

दुसरा आणि अधिक खर्चिक गैरसमज असा, की संगणक संथ झाला म्हणजे त्याचा प्रोसेसर जुना झाला आणि आता नवा संगणक घेण्यावाचून गत्यंतर नाही. पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेल्या असंख्य घरगुती संगणकांत संथपणाचे कारण प्रोसेसर नसून हार्ड डिस्क असते. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि त्यांवरून सरकणारा एक सूक्ष्म वाचक हवी ती माहिती शोधतो. तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. लॅपटॉपमधील ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला ११ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. वाचक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, की विखुरलेल्या लहान लहान फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच नोंदी देऊ शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान फायली वाचल्या जातात. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेला चिपांवरील साठा, हेच काम सेकंदाला हजारोंच्या गतीने करतो. सलग वाचनातही सर्वसाधारण हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० मेगाबाइटच्या घरात राहते, तर साध्या साटा जोडणीचा एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत पोहोचतो आणि एनव्हीएमई प्रकारचा त्याच्याही कित्येक पट पुढे जातो.

हे तपासण्यासाठी तंत्रज्ञाची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की विंडोजमधील टास्क मॅनेजर ही खिडकी उघडते आणि तिच्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा त्या क्षणीचा वापर टक्क्यांत दिसतो. ब्राउझर उघडायला मिनिटभर लागत असताना प्रोसेसरसमोर १५-२० टक्के आणि डिस्कसमोर १०० टक्के असा आकडा दिसत असेल, तर दोष कोणाचा हे सांगायला नको. अशा संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा नव्या खरेदीच्या तुलनेत अल्प खर्चाचा उपाय आहे, आणि घरगुती संगणकासाठी करता येणाऱ्या सर्व खर्चांत त्याच्याइतका पदरात पडणारा दुसरा खर्च क्वचितच सापडेल. उलट दुकानात ‘फॉर्मॅट मारून’ आणलेला संगणक काही आठवडे बरा चालतो आणि पुन्हा मूळ पदावर येतो, कारण संथ भाग जागेवरच असतो. एसएसडी अकस्मात निकामी झाल्यास त्यातील माहिती परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षाही कठीण असते, म्हणून काढलेली जुनी डिस्क चालू अवस्थेत असल्यास छोट्या पेटीत बसवून छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरणे शहाणपणाचे ठरते.

रॅम आणि साठा यांची गल्लतही सर्रास होते, कारण बोलताना दोहोंना ‘मेमरी’च म्हटले जाते. रॅम ही चालू कामापुरती तात्पुरती जागा आहे आणि वीज गेली की ती रिकामी होते. फायली कायम राहतात त्या साठ्यात. रॅम अपुरी पडली, की विंडोज तिच्यातील काही मजकूर साठ्यावर हलवते व लागेल तेव्हा परत आणते, आणि या ये-जा करण्यात गती जाते. केवळ कार्यालयीन कामे, ब्राउझर व व्हिडिओ संभाषण एवढ्यासाठी ८ जीबी रॅम ही आज किमान पातळी मानावी; संगणक सहा-सात वर्षे वापरायचा असल्यास १६ जीबी घ्यावी किंवा निदान पुढे वाढवता येईल एवढी सोय पाहावी. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही, आणि हा प्रश्न विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी विचारायचा असतो. एक टेराबाइटच्या साठ्यावर विंडोज ९३१ जीबी एवढीच जागा दाखवते, म्हणून फसवणूक झाल्याची तक्रार मात्र निराधार आहे : उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाविषयी थोडक्यात सांगता येईल. चित्रपट पाहणे, सादरीकरणे करणे किंवा शालेय अभ्यास यांसाठी प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली चित्रव्यवस्था पुरेशी असते. जड खेळ, व्हिडिओ संपादन आणि यंत्रभागांची त्रिमितीय संकल्पचित्रे यांना स्वतंत्र कार्ड उपयोगी पडते. त्यामुळे शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्याने त्याचा विचार करावा, पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘भविष्यात लागेल’ म्हणून ते घेऊन देणे हा निव्वळ अपव्यय आहे. तसेच नवा संगणक घेतल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही. तो जोडणीवर, राउटरच्या जागेवर आणि मधल्या भिंतींवर अवलंबून असतो.

लॅपटॉप की डेस्कटॉप, या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘लॅपटॉप आधुनिक’ असे ठरीव दिले जाते. संगणक एकाच टेबलावर राहणार असेल, तर त्याच किमतीत डेस्कटॉप अधिक क्षमता, मोठा पडदा आणि बसण्याची नीट रीत देतो, शिवाय त्याचा बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो. असेंबल्ड संगणक, म्हणजे सुटे भाग निवडून दुकानात जोडलेला संगणक, कमी टिकतो हा समजही सरसकट खरा नाही. भाग नामांकित कंपन्यांचे असतील आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस हलक्या प्रतीचा नसेल, तर तो ब्रँडेड संगणकाइतकाच चालतो, फक्त त्यातील प्रत्येक भागाची हमी वेगवेगळी असते. लॅपटॉपची खरी बाजू विजेच्या बाबतीत आहे. वीज अचानक गेली, तर डेस्कटॉप जागीच बंद पडतो, म्हणून ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस ही त्याच्या किमतीतच धरायची वस्तू आहे. तो साध्या घरगुती डेस्कटॉपला साधारण दहा-पंधरा मिनिटे देतो, तेवढ्यात काम जतन करून संगणक रीतसर बंद करायचा असतो. तालुक्याच्या गावी, जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे लॅपटॉप घेणेच श्रेयस्कर. मात्र एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे जात असताना तो गादीवर ठेवून वापरला, तर खालचे हवेचे मार्ग बंद होतात आणि तापलेला प्रोसेसर आपली गती आपोआप उतरवतो. मग आय-सेव्हन काय आणि आय-थ्री काय, दोन्ही सारखेच रखडतात.

मराठी लिहिण्यासाठी वेगळा कळफलक किंवा विकतचे सॉफ्टवेअर लागते, अशी समजूत अजूनही आढळते. ती श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातील आहे, जेव्हा त्यांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असल्याने ही अडचण उरलेली नाही, आणि विंडोज २००० पासून देवनागरीची सोय मूळ प्रणालीतच आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला इनस्क्रिप्ट कळफलक, ज्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात, भाषेच्या सेटिंगमधून विनामूल्य सुरू करता येतो. देवनागरी वाचकाने त्याऐवजी लक्ष द्यावे ते पडद्याकडे. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर साडेदहा लाखांच्या आसपास, तर १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. कमी बिंदूंच्या पडद्यावर जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार बारीक टंकात एकमेकांत मिसळतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये काटकसर बहुधा इथेच केलेली असते, आणि पडदा हा नंतर सहजी बदलता न येणारा भाग आहे.

वापरलेले, दुरुस्त करून विकले जाणारे म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप सर्वस्वी टाकाऊ असतात, हाही अतिरेकी समज आहे. कंपन्यांनी काढून टाकलेले व्यावसायिक वर्गाचे लॅपटॉप मजबूत बांधणीचे असतात. पण येथे एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी दिलेल्या सुरक्षाविषयक मुदतवाढीची अखेर १३ ऑक्टोबर २०२६ ठरवण्यात आली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असलेल्या संगणकांवरच चालते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, तरी तो लिनक्स वापरण्याची तयारी असेल तरच घ्यावा. आणि घरात टॅलीवर हिशेब होत असेल, तर तोही मार्ग सोयीचा नाही, कारण टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. विक्रेत्याने फुकट टाकून दिलेले बनावट विंडोज व ऑफिस ही सवलत नसून जोखीम असते. ऑफिसचे काम विनामूल्य लिब्रेऑफिसमध्ये बहुतांशी भागते, आणि विंडोजमध्ये अंगभूत असलेला डिफेंडर नियमित अद्ययावत ठेवल्यास सामान्य घराला वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा लागत नाही.

एकूण रक्कम मर्यादित असताना ती आय-सेव्हनच्या नावावर न खर्चता मधल्या पायरीचा नवा प्रोसेसर, एसएसडी, १६ जीबी रॅम, चांगला पडदा आणि डेस्कटॉप असल्यास यूपीएस यांवर विभागावी. हमी दुरुस्ती केंद्रात नेऊन देण्याची आहे की तंत्रज्ञ घरी येण्याची, आणि ते केंद्र नाशिकमध्ये आहे की मुंबई-पुण्यात, हे आधी विचारून घ्यावे. पैसे देताना जीएसटीचे पक्के बिल मागावे आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, साठ्याचा प्रकार व संगणकाचा अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.