वाड्याचा वंशवृक्ष आणि शेताचा कागद

परळी वैजनाथला जगमित्र नागा यांची समाधी आहे. महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त त्यांची कथा येते. गावाने या भक्ताला पोटापुरती जमीन इनाम करून दिली. पुढे अंमलदार बदलला आणि नव्याने आल्या आल्या ती जमीन जप्त केली. गावकरी रदबदलीला गेले, तेव्हा त्याने अट घातली की, मुलीच्या लग्नात कुळाचाराला वाघ हवा आहे. तो आणून दाखवा, मग जमीन सोडतो. जगमित्र रानातून खराच वाघ घेऊन आले आणि अंमलदाराची पाचावर धारण बसली. चमत्कार हा श्रद्धेचा भाग. पण कथेतला बाकीचा व्यवहार या मुलुखाने शतकानुशतके पाहिला आहे. जमीन एकाने द्यायची, दुसऱ्याने काढून घ्यायची आणि मधल्या काळात राज्य पालटलेले असायचे.

परळी, अंबाजोगाई, धारूर, केज या पट्ट्यातल्या जमीनदार घराण्यांचा मागोवा घ्यायचा तर हे आधी ध्यानात ठेवावे लागते. इथे घराण्याचा पूर्वज सापडतो तो बहुधा जमिनीच्या कागदात. आणि त्या कागदात पूर्वजाशेजारी आणखीही माणसे उभी असतात. वाड्यात टांगलेल्या वंशवृक्षात त्यांना जागा मिळत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या भागातला एक फार जुना, तारखेनिशी हाती असलेला घराण्याचा वृत्तांत दगडावर कोरलेला आहे आणि तो परळीपासून जवळच, अंबाजोगाईला आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे लेख तिथे आहेत. एक शके 1150 चा, म्हणजे इसवी सन 1228 चा आणि दुसरा शके 1162 चा, म्हणजे 1240 चा. खोलेश्वर मूळचा विदर्भाकडचा. त्याने लढाया मारल्या, देवळे बांधली, ब्राह्मणांना अग्रहार दिले. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी पडला. मला या लेखांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती यापुढची. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या लहान मुलाच्या वतीने कारभार पाहिला आणि भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ उभे केले. आजोबा, बाप, नातू आणि या तिघांना जोडणारी मुलगी. तेराव्या शतकात इथल्या एका बड्या घराची पिढ्यांची नोंद झाली, तेव्हा लेकीचे नाव गाळण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

पुढे बहमनी सत्ता आणि तिच्या फुटीतून झालेल्या शाह्यांच्या काळात वतनाची घडी बसली. परगण्याला देशमुख आणि देशपांडे, गावाला पाटील आणि कुलकर्णी. देशमुखाने वसूल गोळा करून द्यायचा, देशपांड्याने हिशेब ठेवायचा. बदल्यात वसुलात ठरलेला हिस्सा, इनाम जमीन आणि मानपान. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, इथपर्यंत हक्क लिहिलेले. पण या मानाला दुसरी बाजू होती, आणि ती पाहायलाही अंबाजोगाईलाच जावे लागते. ‘गीतार्णव’ लिहिणारे आणि ‘पासोडी’ या लांबलचक वस्त्रावर पंचीकरण उतरवणारे दासोपंत (1551 ते 1615) हे नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातले. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत वतनदार होते. वसूल थकला तेव्हा सुलतानाने पोराला ओलीस धरले आणि पैसे भरायला मुदत घातली, असे चरित्रकथा सांगते. दत्तकृपेने ऐन मुदतीला रक्कम भरली गेली आणि मुलगा सुटला; पुढे तो दत्तभक्त झाला आणि अंबाजोगाईत स्थिरावला. परगण्याचा वसूल तुंबला की वतनदाराच्या घरातले पोर तारण पडते, हे त्या काळच्या ऐकणाऱ्याला नवल वाटले नसणार. मानाची पोळी आणि ओलीस पोर ही एकाच वतनाची दोन टोके होती.

घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या त्या अशाच अडचणीच्या वेळी. सुखासमाधानात बसून पूर्वजांची आठवण म्हणून फारसे कुणी काही लिहीत नव्हते. वतनावर भाऊबंदाने किंवा परक्याने दावा सांगितला की दोन्ही बाजूंनी आपापला ‘करीना’ मांडायचा. मूळ पुरुष कोण, त्याने गाव कसे वसवले, कुणाच्या कारकिर्दीत फर्मान मिळाले, वाटणी कुठे झाली, कोण निपुत्रिक गेला. मग गोतसभा भरायची, शेजारच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार साक्षीला यायचे आणि निकालाचा महजर व्हायचा. त्या महजरावर पाटलाच्या नांगराबरोबर सुताराची किकरे-वाकस, कुंभाराचे चाक, चांभाराची आरी अशा निशाण्या उमटत. देशमुखाच्या पूर्वजाला देशमुख ठरवण्यात सुतार-कुंभाराची साक्ष असे, ही बाब आपण पुरेशी बोलून दाखवत नाही. जेधे घराण्याच्या करीन्यासारखे कागद शिवकाळाच्या इतिहासाला आधार झाले, तेही मुळात घराण्याने आपली हकीकत मांडली म्हणून. अर्थात दाव्यासाठी लिहिलेली वंशावळ दाव्याच्या सोयीची असते. ज्या शाखेला हिस्सा द्यायचा नाही, ती शाखा अशा कागदातून सहज गळते. तेव्हा घरात जपलेली यादी खरी मानण्याआधी भाऊबंदांच्या घरातली यादीही पाहावी.

अठराव्या शतकात या भागावर दुहेरी अंमल आला. 1719 च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली. निजाम 1724 नंतर आपले बस्तान पक्के करत होता. रयतेला दोन्हीकडचे कमाविसदार, म्हणजे वसुलीचे अंमलदार, पोसावे लागत आणि घराण्यांना बाजू निवडावी लागे. सरलष्कर सुलतानजी निंबाळकर सातारकरांची बाजू सोडून निजामाकडे गेले आणि बीड त्यांच्या जहागिरीत आले. बीडचे खंडोबाचे देऊळ आणि त्यापुढच्या उंच दीपमाळा त्यांच्याच नावावर सांगितल्या जातात. 1763 च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यात, गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा दोन्ही फौजांत मराठी घराणी होती. कोण फितूर आणि कोण निष्ठावंत हा हिशेब आज मांडण्यात मला रस नाही. जमीन जिकडे, घर तिकडे, हा त्या काळचा नियम होता. अहिल्याबाई होळकरांनी वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला तोही या धामधुमीच्या शतकात. राज्य कुणाचेही असो, देवस्थानाकडे हात जोडले जात. आणि देवस्थानाची इनामे सगळ्या उलथापालथीत इतरांहून जास्त टिकली, ती त्यामुळेच.

खरा पालट निजामाचे दिवाण सालारजंग पहिले यांच्या कारकिर्दीत (1853 ते 1883) झाला. आधीच्या काळात वसूल मक्त्याने दिला जाई. सावकार रक्कम आगाऊ भरी आणि मग रयतेला पिळून काढी. सालारजंगांनी 1865 मध्ये जिलाबंदी केली, जिल्हे-तालुके आखले, पगारी अंमलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम संपले आणि त्यांना रोख ‘रुसूम’ बांधून मिळाला. 1870 च्या दशकात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली, शेताला सर्व्हे नंबर आला आणि पट्टेदाराचे नाव सरकारी दप्तरात चढले. सत्ता गेली, पण जमीन घट्ट झाली. परगण्याचा अधिकारी असलेला माणूस आता मोठा पट्टेदार झाला. त्याची जमीन कसणारा कूळ झाला, आणि त्याच्याकडे कागद नव्हता.

या काळातले कागद ज्यांच्या घरी आहेत, त्यांना ते ओळखू येतील. 1884 च्या सुमारास दरबाराची भाषा फारसीची उर्दू झाली. त्यामुळे आजोबांच्या पेटीत वरचे थर उर्दूचे, खालचे मोडीचे आणि तळाशी एखादी फारसी सनद, असा प्रकार असतो. इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला निवाडा म्हणजे मुंतखब. त्यात इनामदाराचे नाव, गाव, क्षेत्र आणि इनामाचा प्रकार येतो. उपजीविकेसाठी दिलेले ते मददमाश. देवाची पूजा, नंदादीप, मशिदीची झाडलोट अशा चाकरीसाठी दिलेले ते खिदमतमाश. सन फसली असतो. त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतो. इनामदार मेला की विरासतीची चौकशी लागे. विरासतीच्या कागदांत वारसांची नावे तर असतातच. शिवाय गुजारा मागणाऱ्या विधवांची नावेही येतात. घरच्या वंशवृक्षात फक्त ‘पत्नी’ किंवा तेही नाही, अशी जागा असते. आणि सरकारी कागदात तीच बाई स्वतःच्या नावाने, अंगठा उठवून, आपला हक्क मागत उभी असते. लक्ष्मीच्या शिलालेखानंतर सहा-सातशे वर्षांनी बायका पुन्हा नावानिशी भेटतात त्या या अर्जांत.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढच्या काही वर्षांत जमिनीचा नकाशा बदलला. संस्थानातली ढोबळ मानाने 30 टक्के जमीन जहागिरींत होती. 15 ऑगस्ट 1949 ला जहागिरी रद्द करण्याचा कायदा लागू झाला. 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आला. त्यात पुढे घातलेल्या ‘38-ई’ कलमाने संरक्षित कुळाला मालक करण्याची वाट उघडली. 1954 च्या कायद्याने इनामांवर हात घातला, मात्र देवस्थान आणि धर्मादाय इनामे त्यातून वगळली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1961 मध्ये महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा झाला आणि 1975 च्या दुरुस्तीनंतर कोरडवाहूची मर्यादा 54 एकरांवर आली. कायदे चांगले होते. अंमलबजावणीत वाड्यांनी वाटण्या दाखवल्या, कुळांकडून राजीनामे लिहून घेतले, हेही घडले. परळीत तर तोवर जमिनीला वेगळेच गिऱ्हाईक आले होते. 1971 मध्ये इथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि शेताची किंमत पिकावरून न ठरता शहरापासूनच्या अंतरावरून ठरू लागली.

इथे तुलनेसाठी आयर्लंडची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. तिथल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळींचे जाडजूड ग्रंथ निघाले. बर्क यांच्या प्रकाशनाने 1899 मध्ये खास आयरिश जमीनदारांचा खंड काढला. त्याच बेटावर 1845 नंतरच्या दुष्काळात कुळे उपाशी मेली किंवा जहाजांत बसून परागंदा झाली. मग जमिनीचे आंदोलन पेटले आणि 1903 च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जावर कुळांना जमिनी विकत घेता आल्या. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले अभिलेखागार यादवीत जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्याची बहुतेक जनगणना राख झाली. तरी आज अमेरिका-ऑस्ट्रेलियातले आयरिश लोक आपला खापरपणजा शोधू शकतात, ते एका सारामोजणीमुळे. रिचर्ड ग्रिफिथ यांनी 1847 ते 1864 या काळात केलेल्या त्या मोजणीत एकाच ओळीत जमीन देणाऱ्याचे आणि ती कसणाऱ्याचे नाव आहे. कर बसवण्यासाठी केलेली यादी कुळांच्या नातवंडांचा वंशग्रंथ ठरली.

आपल्याकडे अशी यादी आहे. 1954-55 ची खासरा पाहणी. मराठवाड्यातला जमिनीचा कुठलाही जुना वाद तहसीलमध्ये गेला की वकील आधी हाच उतारा मागतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार आणि पुढे कबजा कुणाचा. शेजारच्या रकान्यात लिहिलेला तो कबजेदार, ते कूळ, तोही याच भूमीचा पूर्वज आहे. देशमुखाच्या वाड्याला वंशावळ आहे. त्याच्या शेतात चार पिढ्या राबलेल्या माणसाच्या नातवाला मात्र आपल्या पणजोबाचे नाव सांगता येत नाही. त्याच्यासाठी हा रकाना म्हणजे पहिला लेखी पुरावा. गावात महारकीच्या हाडोळ्या, म्हणजे महारांच्या वतनी जमिनीही होत्या, बलुतेदारांच्या जमिनी होत्या. त्यांचेही कागद आहेत. परळीच्या घराण्यांचा इतिहास लिहायचा तर दोन्ही रकाने मिळून लिहावा, असे माझे ठाम मत आहे. एकाच रकान्यावर लिहिलेला इतिहास अर्धा आहे, आणि तो अर्धा भाग आपल्याला आधीच पाठ आहे.

कुळांसारख्याच लेकीही यादीतून गळतात. 1994 पासून महाराष्ट्रात आणि 2005 पासून देशभर हिंदू एकत्र कुटुंबातली मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी आहे. तरी वंशवृक्षाच्या नव्या छापील प्रतींतही लेकी नसतात, आणि ‘हक्कसोड’ करून सही घेतली की सातबाऱ्यावरूनही जातात.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांना हात जोडून सांगणे आहे. तिला वाळवीच्या स्वाधीन करू नका आणि लॅमिनेशनच्या दुकानातही नेऊ नका. उष्णतेने आणि प्लास्टिकने जुना कागद कायमचा मरतो. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पाठीवरचे शेरे आणि शिक्केही सोडू नका. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे अजून आहेत, ती आहेत तोवर वाचून घ्या. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामकालीन दप्तर आहे. आपल्या गावाचे नाव घेऊन तिथे जा. आणि घरचा वंशवृक्ष पुन्हा लिहाल तेव्हा त्यात लेकीसुनांची नावे माहेरच्या गावासकट घाला आणि शेवटच्या पानावर आपले शेत कसलेल्या कुळांची नावे लिहा.