जीप आणि जोंगा : लष्करी गाड्यांच्या दोन पिढ्या

स्वतंत्र भारताच्या लष्करातील हलक्या गाड्यांमध्ये दोन नावे ठळक आहेत : मुंबईत जुळणी झालेली विलिस जीप आणि जबलपूरची जोंगा. या गाड्यांना कसली वाट कापावी लागते, हे झाशीच्या दक्षिणेस सुमारे 25 किलोमीटरवरील बबीना छावणीत समजते. बुंदेलखंडाची तांबडी माती, वर डोकावणारे ग्रॅनाइटचे खडक, पावसाळ्यात फुगणारे नाले आणि लष्कराची विस्तीर्ण फायरिंग रेंज. अशा मुलखात रणगाड्यांच्या आगेमागे अधिकारी, बिनतारी संच आणि दारूगोळा पोहोचवायला छोटी, चिवट गाडीच लागते.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. 1941 ते 1945 या काळात विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीचे नाव 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले आणि माझगावात सुट्या भागांपासून जीपची जुळणी होऊ लागली. पुढे भारतात रुजले ते सीजे-3बी हे मॉडेल. त्याच्या 2199 सीसी इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर आणि धूर बाहेर टाकणारे बाजूला होते. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि बॉनेटही वर उचलावे लागले. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर जेमतेम 80 इंच, त्यामुळे अरुंद वाटेवरही ती चटकन वळे.

जोंगा मुळात जपानची ‘निसान पॅट्रोल’ ही गाडी. जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती 1999 पर्यंत तयार होत होती. तिचे सहा सिलिंडरचे, 3956 सीसीचे पेट्रोल इंजिन सुमारे 110 अश्वशक्ती देई. सीजे-3बीची ताकद 75 च्या आसपास.

सांगाडा मात्र दोघींचा एकाच वळणाचा : शिडीसारखी चासी, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना जोर. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असत : एक पुढची चाके जोडायला, दुसरा चढणीसाठी जोर वाढवायला. दोन्ही गाड्यांवर 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसे. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरील अशाच तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

ओझे वाहण्यात आणि चढणीवर जोंगा सरस ठरे. पण ती जड होती आणि पेट्रोलही फार पीत असे. जीप हलकी आणि दुरुस्तीला सोपी, मात्र माणसे आणि सामान एकदम भरले की तिची दमछाक होई. पुढे लष्करात मारुती जिप्सी आली. 1985 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे वजन एक टनाच्या आसपास होते, म्हणजे जीपच्याच तोडीचे. जोंगाच्या ताकदीपेक्षा जीपचा हलकेपणाच पुढच्या पिढीला अधिक उपयोगी ठरला.