बाग कुणासाठी लावायची?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मधमाश्यांवर आणि फुलपाखरांवर बोलायला का बोलावलं, असं काहींना वाटत असेल. आम्हालाही वाटलं. पण संयोजकांना आमच्या गच्चीची बातमी कुठूनतरी लागली, आणि निवृत्त माणसाकडे नाही म्हणायला फारशी कारणं नसतात. तेव्हा थेट दुधी भोपळ्यापासूनच सुरुवात करू.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गच्चीवर मांडव घालून आम्ही दुधीचा वेल चढवला होता. वेल झकास, फुलं भरपूर. मादीफुलामागे बोटाएवढा दुधी दिसायचा, चार दिवसांत पिवळा पडायचा आणि गळायचा. रोपवाटिकेत विचारलं, तर त्यांनी एक बाटली हातात ठेवली आणि बजावलं, ‘काका, फवारणी संध्याकाळीच करा, मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात.’ सल्ला शहाणपणाचा वाटला. आम्ही नेमाने सूर्यास्ताला फवारलं. त्या अख्ख्या पावसाळ्यात एकही दुधी धरला नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं पोरांना कार्यकारणभाव शिकवलात ना? आता या दुधीचं कारण शोधून दाखवा.’

कारण शोधायला एक खुर्ची आणि एक संध्याकाळ पुरली. हे आधी का केलं नाही, याचं उत्तर आमच्याजवळ नाही. लाल भोपळ्याचं पिवळंधमक फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. ते मधमाश्यांचं फूल. दुधीचं फूल पांढरं, आणि ते उमलतं दिवस मावळताना. ते आहे रात्रीच्या पतंगांचं. म्हणजे पाहुणे यायच्या वेळेलाच आम्ही दारात विष शिंपडत होतो! लाल भोपळ्याला लागू पडणारा सल्ला आम्ही दुधीला लावला होता. त्यात भर म्हणून इमारतीने गच्चीवर मोठा दिवा बसवला होता. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग फुलाकडे कशाला जाईल?

फवारणी थांबवली. दिव्याला बटण बसवून घेतलं. उरलेल्या फुलांसाठी मात्र हातानेच काम केलं. तिन्हीसांजेला ताजं नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पराग मादीफुलाच्या मधल्या गोंड्यावर हलकेच टेकवायचे. पुढच्या वर्षी हे करावं लागलं नाही. भलीमोठी सोंड असलेले पतंग फुलासमोर हवेत स्थिर राहून रस पिताना आम्ही स्वतः पाहिले. त्या वर्षी दुधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावे लागले, आणि दुधी वाटणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तर बागेत काय लावायचं हा प्रश्न नंतरचा. कोण येणार, केव्हा येणार आणि त्याला काय दिसतं, हे आधी.

‘काय दिसतं’ हा आमच्या जुन्या धंद्यातला प्रश्न. इमॅन्युएल कांटने १७९० च्या ग्रंथात फुलाला मुक्त सौंदर्याचं उदाहरण म्हटलं आहे. फूल हे झाडाचं प्रजननाचं इंद्रिय आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला माहीत असलं, तरी फूल सुंदर आहे असं म्हणताना तो ते हेतू बाजूला ठेवतो, असा त्याचा मुद्दा. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. पण गंमत बघा, तीनच वर्षांनी, १७९३ मध्ये, बर्लिनजवळच्या स्पान्डाऊ इथल्या श्प्रेंगेल नावाच्या एका शाळामास्तराने पुस्तक काढलं आणि दाखवून दिलं की फुलाचा रंग, पाकळीवरच्या रेघा, तळाशी झाकून ठेवलेला रस हे सगळं कीटकांना बोलावण्यासाठी आहे. तेव्हा त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. शाळेकडे दुर्लक्ष झालं म्हणून नोकरी मात्र गेली. पुढे डार्विनने त्याचं मोल ओळखलं. आम्हाला वाटतं, दोघंही बरोबर आहेत. फक्त कांट आपल्या डोळ्यांबद्दल बोलतो, आणि मास्तर माशीच्या.

माशीचे डोळे आपल्यासारखे नाहीत. कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगांनी सिद्ध केलं की मधमाशीला रंग ओळखता येतात, पण लाल रंग तिच्या लेखी जवळपास काळोख आहे. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. (त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, ते मुख्यतः माश्यांच्या नाचाच्या भाषेसाठी.) म्हणून मधमाश्यांसाठी लावायचं तर पिवळं, निळं, जांभळं, पांढरं. लाल जास्वंदीवर शिंजीर येईल. फुलपाखरांना लाल चालतो, एकझोऱ्याच्या गुच्छावर ती तासन्‌तास असतात. रात्रीच्या पतंगांना पांढरं आणि वासाचं हवं, म्हणजे मोगऱ्यापासून रातराणीपर्यंत आपल्या सगळ्या लाडक्या वेण्या-गजऱ्यांची मंडळी. देवळाबाहेरचा तो पांढरा चाफा मात्र लबाड आहे. वास देतो, रस देत नाही. बिचारा पतंग वासाच्या आशेने फुलाफुलावर फिरतो आणि फुकटात परागीकरण करून जातो.

रोपवाटिकेत गेलं की आपला हात आपोआप ‘डबल’ फुलाकडे जातो. डबल झेंडू, डबल जास्वंद, भरगच्च गुलाब. या जास्तीच्या पाकळ्या बहुधा पुंकेसरांचंच रूपांतर होऊन आलेल्या असतात. पराग कमी, आणि रस असला तरी तिथे पोचायला वाट नाही. केटरिंगवाल्याने मांडव सजवला आणि जेवणच आणलं नाही, तसला प्रकार. त्याऐवजी साधा गावठी झेंडू, एकेरी झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, तीळ घ्या. स्वयंपाकघरातलं तर फार सोपं. एका कुंडीतली कोथिंबीर, मेथी, मोहरी, बडीशेप खुडायची नाही, फुलोऱ्यावर येऊ द्यायची. कोथिंबिरीच्या त्या पांढऱ्या छत्र्यांवर इतके बारीक बारीक पाहुणे येतात, की त्यांची नावं शिकण्यात आमचं एक वर्ष गेलं.

वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. वांग्याच्या फुलातले परागकोश बंद बरणीसारखे असतात, टोकाला फक्त छिद्रं. आपल्या मोहोळातल्या मधमाशीला ती बरणी उघडता येत नाही. उघडतो तो काळा भुंगा, आणि निळ्या पट्ट्यांची एक छोटी गोंडस माशी. ते फुलाला मिठी मारतात, पंखांचे स्नायू थरथरवतात, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग बाहेर सांडतात. हा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतो. आमच्या झोपाळ्याच्या तुळईत त्याने भोक पाडलं तेव्हा सौ. चिडल्या होत्या. त्या वर्षीच्या भरताच्या वांग्यांनंतर तो विषय निघाला नाही.

आता ऋतू. आपल्याकडे उन्हाळ्यात मधमाश्यांना झाडं असतात, जांभूळ, करंज. शेवगा फुलला की त्याचा आवाज लांबून ऐकू येतो. खरी उपासमार भर पावसाळ्यात. महाबळेश्वरकडचे मधपाळ त्या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक देतात, तो उगाच नाही. म्हणून पाऊस आणि पावसानंतरचे दिवस डोळ्यांसमोर ठेवून लावा. तेरडा, तीळ, झेंडू. आणि तुळस.

तुळशीबद्दल थोडं अडखळतच बोलतो, कारण घरोघरी मंजिऱ्या खुडायची पद्धत आहे, आणि ती चूकही नाही. मंजिरी खुडली की रोप जास्त टिकतं. पण मंजिरी म्हणजेच फूल. बारीक फुलोरी माशी, पेट्यांत पाळली जाते ती सातेरी, दोघींना ती अतिशय प्रिय. आमच्या घरची तडजोड अशी आहे की वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो आणि शेजारच्या चार कुंड्यांना हात लावत नाही. तसंच देवपूजेच्या फुलांचं. पहाटे पाचला पिशव्या घेऊन निघणारे, सोसायटीच्या झाडावरच्या कळ्यासुद्धा ओरबाडणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. काही जण या सभागृहातही असतील. निम्मी फुलं ठेवत जा हो, एवढंच म्हणतो.

‘माधुकरी’ हा शब्द इथे आठवतो. आमच्या गुरुजनांच्या पिढीतले कितीतरी जण माधुकरी मागून शिकले. चार घरी थोडं थोडं घ्यायचं, कुणा एकावर भार टाकायचा नाही. रीत मधमाशीवरून उचललेली. पण ॲरिस्टॉटलने एक बारकावा टिपला आहे. एका फेरीत माशी एकाच जातीच्या फुलांवर जाते, या जातीवरून त्या जातीवर उड्या मारत नाही. त्याचं हे निरीक्षण आजही टिकून आहे. यातून बागेसाठी निघतं ते असं की वीस जातींचं एकेक रोप लावण्यापेक्षा पाच जातींची चार-चार रोपं एकत्र लावा. तिला फेरी परवडली पाहिजे.

फुलपाखरांचा हिशेब वेगळा. नुसत्या रसावर ती येतात आणि जातात. ती राहावीत असं वाटत असेल, तर अळीला खायला झाड हवं, आणि प्रत्येक जातीच्या अळीचं झाड ठरलेलं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबाच्याच कुळावर. रुईवर प्लेन टायगर (रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका), पानफुटीवर रेड पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो, बहाव्यावर पिवळी एमिग्रंट. ईश्वरीचा वेल लावलात तर कॉमन रोझ आणि क्रिम्झन रोझ. घाणेरीवरही फुलपाखरं पुष्कळ येतात, पण ती परदेशी आहे आणि आपली जंगलं गिळत चालली आहे. ती नको.

इथे आमचा एक गुन्हा कबूल करायचा आहे. लिंबाच्या कुंडीत पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. मग ते हिरवं झालं, फुगलं, हात लावला तर डोक्यामागून तांबूस शिंग काढून उग्र वास सोडू लागलं. आम्ही सात अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. नातीने संध्याकाळी विचारलं, ‘आजोबा, या वर्षी फुलपाखरं का नाहीत?’ तिला आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. वर्गात असं उत्तर देणाऱ्याला आम्ही नापास केलं असतं. नंतर तिला खरं सांगितलं. आता एक कढीपत्ता स्वयंपाकासाठी आणि एक अळ्यांसाठी आहे. इकडच्या अळ्या पानासकट तिकडे न्यायच्या. झाड बोडकं होतं, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतं.

पानं खाल्लेली दिसली की औषध शोधायचं, ही सवय तेवढी मोडा. गुलाबाच्या पानाला नाण्यासारखे गोल काप दिसले तर तो रोग नव्हे, पानं कापून घरट्याला अस्तर लावणारी एक एकटी राहणारी माशी आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मुळांतून आत शिरून थेट परागांत आणि रसात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्यावरचा वापर थांबवला. रोप घेतानाच विचारा, यावर काय मारलंय? बऱ्याच माश्या जमिनीत बीळ करून राहतात, तेव्हा सोसायटीत प्रत्येक इंचावर फरशी बसवू नका. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, बुडणार नाहीत.

एका बाईंची चिठ्ठी आली आहे की मुलांना चावतील का. फुलावर बसलेली माशी आपल्या कामात असते, तिला हाताने उडवलं नाही तर सहसा डंख करत नाही. आग्या मोहोळ मात्र वेगळं प्रकरण. ते उंच कठड्याखाली लागलं तर दगड, धूर, पाणी काहीही नको, मुलांना लांब ठेवा आणि जाणकाराला बोलवा. कुणाला डंखाने अंगभर सूज आली किंवा श्वास कोंडला, तर क्षणाचाही वेळ न घालवता दवाखान्यात.

वेळ झाली असं मागून खुणावताहेत. बाहेर टेबलावर सौ.नी पुड्या बांधून ठेवल्या आहेत, तुळस, तीळ, गावठी झेंडू आणि खुळखुळ्याच्या बियांच्या. दुधीच्या बियाही आहेत. एकेकच घ्या, पुरायला हव्यात.