बर्फाचा नांगर आणि खाडीचा गाळ

अंटार्क्टिकाच्या उथळ समुद्रात खेकड्यांची वस्ती नाही. ठाण्याजवळ कळवा-विटाव्याच्या खाजणात ओहोटीला पाहावं तर गाळाची चाळण झालेली असते; बिळाबिळाच्या तोंडाशी एकच मोठी नांगी असलेले नर ती वर-खाली हलवत उभे असतात. इकडे ही गर्दी आणि तिकडे हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर नांगीवाल्यांचा हा वंशच गैरहजर!

कारण थंडी हेच, पण वाटतं तितकं सरळ नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं आणि रक्तातलं मॅग्नेशियम बाहेर टाकणं खेकड्याला फारसं जमत नाही. उबदार पाण्यात त्याचं काही बिघडत नाही. पाणी शून्याच्या आसपास आलं की मात्र हेच मॅग्नेशियम गुंगीच्या औषधासारखं काम करतं. आधीच थंडीने मंदावलेले स्नायू आणखी सुस्तावतात, कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवणंही अवघड होतं. रक्तातलं मॅग्नेशियम कमी ठेवू शकणाऱ्या कोळंबीच्या काही जाती तिथे मजेत राहतात. गंमत म्हणजे अंटार्क्टिकाभोवती खोलवरचं पाणी वरच्यापेक्षा किंचित उबदार असतं, आणि किंग क्रॅब म्हणून ओळखले जाणारे खेकड्यांचे लांबचे भाऊबंद त्या खोल उतारांवर सापडले आहेत.

नांगी नाही, म्हणजे कवच फोडणारं कुणी नाही. उथळ पाण्यात शार्कही नाहीत. त्यामुळे तिथल्या समुद्रतळावरचा सगळा कारभार सावकाश चालणाऱ्यांच्या हाती आहे: तारामासे, समुद्री साळू, हाताच्या तळव्यापेक्षा मोठे समुद्रकोळी, आणि माणसाच्या उंचीएवढे लांब होऊ शकणारे फितीसारखे कृमी. कोकणातल्या खाड्यांमधल्या तिसऱ्यांची कवचं चांगली जाड असतात. अंटार्क्टिकातली लॅटर्न्यूला ही मोठी शिंपली मात्र गाळात शिरून राहते आणि तिचं कवच बोटाने दाबलं तरी फुटावं इतकं पातळ असतं. जाड कवच करायचं कुणाच्या भीतीने?

या शिंपलीची खरी परीक्षा तापमानाची आहे. तिथलं पाणी हिवाळ्यात उणे १.८ अंश असतं आणि उन्हाळ्यातही शून्याच्या फार वर जात नाही. जीवशास्त्रज्ञ लॉइड पेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की पाणी अडीच अंशांवर गेलं की गाळातून उपसून काढलेल्या निम्म्या लॅटर्न्यूलांना पुन्हा गाळात शिरता येत नाही, आणि पाच अंशांवर एकीलाही नाही. पाच अंश! ठाण्याच्या खाडीचं पाणी उन्हाळ्यात तिशीपुढे जातं. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळाला मे महिन्याचं ऊन लागतं, जुलैत त्याच गाळावरून जवळजवळ गोडं पाणी वाहतं, आणि तरी त्यात राहणारे राहतात. तिकडच्या प्राण्यांनी स्थैर्यावर सगळा भरवसा ठेवला, इकडच्यांनी चढउतारावर.

पण ध्रुवाकडचं स्थैर्य फक्त तापमानापुरतं. उथळ पाण्यात तिथे बर्फाचा नांगर फिरतो. हिमनग वाऱ्याने, प्रवाहाने ढकलले जातात, त्यांचं बूड तळाला टेकतं आणि वाटेत येणारं सगळं चिरडलं जातं. ब्रिटिशांच्या रोथेरा तळाजवळ पाणबुड्यांनी समुद्रतळावर काँक्रीटचे ठोकळे मांडून ठेवले आणि दर वर्षी त्यातले किती फुटले ते मोजलं. उथळात ठोकळा वर्षभर शाबूत राहणं कठीण. खोल जावं तसे धक्के विरळ होत जातात. आता पाणी तापल्याने हिवाळ्यात गोठलेल्या समुद्राचा काळ कमी होतोय. किनाऱ्याला घट्ट धरलेला हा बर्फच हिमनगांना जागच्या जागी अडकवून ठेवत असे. तो कमी झाला की हिमनग मोकळे सुटतात आणि नांगरट वाढते.

अंटार्क्टिकाच्याच मॅकमर्डो साउंडमध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ पॉल डेटन यांनी १९६०च्या दशकात बर्फाखाली बुड्या मारून आणखी एक प्रकार पाहिला. तिथे बर्फ तळावरही धरतो. दगडांवर आणि चक्क प्राण्यांच्या अंगावर. तो पुरेसा वाढला की तरंगू लागतो आणि खालच्या तारामाशांना, कृमींना घेऊन वर छताला जाऊन चिकटतो. त्यामुळे पहिल्या पंधराएक मीटरपर्यंत तळ जवळजवळ उघडाबोडका, त्याखाली मऊ प्रवाळं आणि समुद्रफुलं, आणि साधारण तेहतीस मीटरखाली, जिथे हा बर्फ पोचत नाही तिथे, स्पंजांचं जंगल. काही स्पंज दोन मीटर उंचीचे. हे स्पंज इतके हळू वाढतात, की डेटन यांना वर्षानुवर्षं त्यांच्यात बदलच दिसेना. २०१० मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा मधल्या काळात त्यांनी एकदम उचल खाल्ली होती. दहा वर्षं निरीक्षण केलं तरी अंदाज चुकू शकतो असा हा समुद्र आहे.

मोडलेला तळ पुन्हा भरायला किती वेळ लागतो, या प्रश्नावर अंटार्क्टिका आणि आपल्या खाड्या एका रेषेत येतात. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. ए. एच. पारुळेकर हे तळाच्या जीवांचे अभ्यासक होते. १९८६-८७च्या सहाव्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे ते नेते होते. त्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडवी-जुवारीच्या खाड्यांचा गाळ वर्षभर चाळून वार्षिक चक्र मांडलं होतं: पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याने तळाची वस्ती कोसळते आणि पाऊस ओसरला की पुन्हा भरते. आपल्याकडचा नांगर म्हणजे हा पाऊस. फरक असा, की इकडे पाण्यात तरंगणारी पिल्लं कायम फिरत असतात, ती काही आठवड्यांत उतरतात आणि काही महिन्यांत प्रौढ होतात. तिकडे याच कामाला वर्षं लागतात, स्पंजांना तर दशकंही.

ठाण्याच्या गाळात ही भरती करणारे मुख्यतः पॉलीकीट कृमी: गांडुळाच्या नात्यातले, अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या जुड्या असलेले. चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी हा गाळ पिढ्यान्‌पिढ्या उपसून तपासला आहे. वरची पातळ कातडी सोडली तर या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. म्हणून तो काळा आणि म्हणून तो वास. कृमी बीळ करतो आणि अंग हलवून त्यात पाणी खेळवतो. त्याबरोबर ऑक्सिजन काही सेंटीमीटर खाली उतरतो आणि बिळाभोवती काळ्या गाळात गंजासारखं तांबूस कडं तयार होतं. अशी लाखो बिळं म्हणजे खाडीच्या तळाचा श्वास. किडे उकरून खाणारे पाणपक्षी, बोय, निवट्या, सगळ्यांचं पोट इथे भरतं. रोहित पक्ष्यांमुळे २०१५ मध्ये इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. छायाचित्रं पक्ष्यांचीच निघतात, याला काही इलाज नाही.

ठाण्याहून पुढे, काळू आणि भातसा यांचं पाणी घेऊन उल्हास नदी कल्याणच्या आसपास खाडी होते, त्या पट्ट्यात तळाला आणखी एक नांगर लागतो. मुंब्र्याचं रेतीबंदर, डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणचं रेतीबंदर ही नावं रेतीच्या धंद्याशी जोडलेली आहेत. पूर्वी डुबी मारून, पाटीने वाळू काढायचे. माणूस श्वास धरून खाली जाणार, जेवढी पाटीत मावेल तेवढी आणणार; तळाला सावरायला उसंत मिळायची. सक्शन पंप आणि बार्ज आल्यावर ती उसंत संपली. महसूल खातं छापे घालतं, पंप जप्त करतं, काही दिवसांनी दुसरे पंप चालू होतात. पंप वाळूबरोबर बिळं, कृमी, शिंपल्यांची पिल्लं सगळंच ओढून घेतो. मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी संथ होतं, बारीक गाळ साचतो, ऑक्सिजन घटतो, आणि वाळूत राहणाऱ्यांच्या जागी अशा घाण गाळात तग धरणाऱ्या मोजक्या जाती येतात.

पावसाचा नांगर वर्षातून एकदा येतो आणि मध्ये आठ महिने देतो. इथल्या कृमींचं सगळं आयुष्य त्या आठ महिन्यांच्या हिशेबाने बेतलेलं आहे. पंपाला असा हंगाम नाही.