दुखरा जबडा, अडकलेला जबडा

जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी सांध्यात सुई शक्यतो नको, असं ‘बीएमजे’ने डिसेंबर २०२३मध्ये छापलेली मार्गदर्शिका सांगते. सांधा धुणं, स्टेरॉइड, हायल्युरॉनिक अॅसिड, इतकंच काय, स्नायूतलं बोटॉक्सही, सगळ्यांपुढे तोच शेरा. इकडे हेच उपचार ‘टाके नाहीत, कापाकापी नाही’ म्हणून सुचवले जातात. मग रुग्णाने ऐकायचं कुणाचं? मला वाटतं, घोळ नावापासूनच सुरू होतो. दुखरा जबडा आणि अडकलेला जबडा ही दोन निराळी दुखणी आहेत आणि दोन्हींच्या कागदावर ‘टीएमजे’, म्हणजे जबड्याचा सांधा, एवढंच लिहिलेलं असतं.

आधी अडकलेल्याचं पाहू. कानाच्या पुढ्यात बोट ठेवून तोंड उघडलं, की जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे घसरतं. मध्ये एक पातळ गादी असते. ती पुढे सरकलेली असेल तर खट् आवाज येतो. असा आवाज कितीतरी धडधाकट माणसांच्या जबड्यातून येतो. दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. पण एखाद्या दिवशी आवाज बंद होतो आणि हायसं वाटतं न वाटतं तोच लक्षात येतं, की तोंड दोन बोटांच्या पुढे उघडतच नाही. घास जात नाही, जांभई अर्ध्यावर थांबते.

ही गादी जागेवर बसवलीच पाहिजे, अशी शल्यचिकित्सकांची जुनी समजूत होती. एडिंबरात अॅनंडेल यांनी १८८७मध्ये ती टाके घालून बसवली. पुढे गादी काढून टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले. ते झिजले, त्यांच्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ते बाजारातून काढावे लागले. दरम्यान जपानमध्ये ओनिशी यांनी १९७५मध्ये या सांध्यात दुर्बीण नेली होती. दुर्बिणीच्या रुग्णांचं तोंड उघडू लागलं, गादी मात्र बऱ्याचदा होती तिथेच राहिली. मग गुण कशाने आला?

जेरुसलेमच्या डॉ. डॉरिट नित्झान यांनी हा प्रश्न सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये दुर्बीणही बाजूला ठेवली. कानापुढे भूल देऊन सांध्याच्या वरच्या कप्प्यात दोन सुया घातल्या. एकीतून रिंगरचं क्षारद्रावण आत, दुसरीतून बाहेर. सरासरी २४ मिलिमीटर उघडणारं तोंड चाळिशीच्या पुढे उघडू लागलं. दोन ओल्या काचा चिकटून बसाव्यात आणि मध्ये पाणी शिरताच सुटाव्यात, तशी गादी सुटली. सूज वाढवणारी द्रव्यंही धुतली गेली.

तरीही सुई ही पहिली पायरी ठरत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच अडकलेल्या जबड्याच्या १०६ रुग्णांचे चार गट केले: औषधं, व्यायामासह पुनर्वसन, दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया. २००७मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतरही चारही गट साधारण सारखेच सुधारले होते; म्हणून सुरुवात औषधं आणि व्यायामानेच.

दुखऱ्या जबड्याची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा स्नायू थकलेले असतात: दात आवळणं, झोपेत ते खाणं, मनावरचा ताण. दुखणं कानशिलापर्यंत जातं. स्नायू दुखत असताना सांधा धुऊन काय मिळणार? मार्गदर्शिकेचा ठाम कौल आहे तो देखरेखीखालचा जबड्याचा व्यायाम, फिजिओच्या हातांनी होणारी हालचाल, स्नायू ताणण्याचा घरचा व्यायाम आणि मानसोपचारातली विचार-वर्तन बदलणारी ‘सीबीटी’ पद्धत यांच्या बाजूने. गुडघा-कंबरेसाठी फिजिओकडे जाणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. जबड्यासाठीही तसंच जायला हवं आणि तो पत्ता दंतवैद्यानेच लिहून द्यायला हवा.

आपल्याकडे तिसरी शक्यताही तपासावी लागते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण सुपारी आणि गुटख्याने गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होऊन तोंड मिटत चाललेले रुग्ण आजही येतात. त्यांचा सांधा ठीक असतो. धोका कर्करोगाचा असतो. तिथे सांध्यावर वेळ दवडणं महागात पडतं.

म्हणून सुईला होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझा सांधा अडकला आहे, की स्नायू दुखतात? व्यायाम नीट आणि पुरेसे आठवडे झाला का? सांधा धुतल्यावर आणखी काही, स्टेरॉइड किंवा माझ्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव (पीआरपी), आत सोडणार असाल तर ते कशासाठी? कुणी नेटाने व्यायाम केलेला असतो, तरी त्याची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत. मार्गदर्शिकेतल्या ‘शक्यतो नको’मधला ‘शक्यतो’ मी त्याच्यासाठी वाचते. त्याला ती साधी, पाण्याची सुई नाकारू नये.