केळीचें पान कां मलूल होतें?

केळीचें पान मलूल झालेलें दिसलें, कीं पाहणारा लागलीच म्हणतो, "बिचारीला तहान लागली, पाणी घाला!" हें निदान पुष्कळदां बरोबर असतें, पण नेहमींच नव्हे.

पानाच्या पाठीवर असंख्य सूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून पाण्याची वाफ हवेंत जाते आणि मुळें जमिनींतलें पाणी ओढून ती तूट भरतात. वैशाखांत जळगांव जिल्ह्यांत पारा ४२-४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, उष्ण वारे सुटतात. मग जमेपेक्षां खर्च अधिक होतो. तेव्हां पान मधल्या शिरेपाशीं मिटून दोहों बाजूंनीं खालीं झुकतें, म्हणजे ऊन कमी लागतें. केवढी ही युक्ति! ऊन उतरलें कीं तें पुन्हां पसरतें. वारा अडावा म्हणून तिकडचे शेतकरी बागेभोंवतीं शेवरी दाट लावतात.

पण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. शेतांत पाणी तुंबलें म्हणजे मातीच्या कणांमधील हवा निघून जाते, मुळें गुदमरतात व कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढणार कसें? पाण्यांत उभें राहून तहानेनें मरण्याचाच हा प्रकार. अशा वेळीं दया येऊन आणखी एक घागर ओतणारा त्या झाडाचा वैरीच ठरतो.

तिसरें कारण थंडी. पौषांत रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं गेला, कीं केळीची वाढ खुंटते आणि गार जमिनींतील मुळें ओल असूनही पाणी नीट ओढीत नाहींत. पानें पिवळीं पडतात. जळगांवकडे यास 'चरका' म्हणतात. घड बाहेर पडण्याच्या ऐन वेळीं थंडीनें गांठलें, तर तो खोडांतच अडकतो आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत मातीस मिळते. म्हणून तेथें थंडीच्या रात्रीं बागेस विहिरीचें पाणी देतात. थंडींत पाणी कशाला, असें वाटेल. परंतु खोल विहिरीचें पाणी बाहेरच्या हवेपेक्षां उबदार असतें, आणि ओली जमीन कोरडीपेक्षां सावकाश निवते. मात्र तें बेतानें द्यावें लागतें. चिखल झाला तर मुळें पुन्हां गुदमरावयाचीं.

तेव्हां पान मलूल दिसलें, तर प्रथम खोडापासून थोडें दूर वीतभर माती उकरावी व मुठींत दाबावी. तिचा कोरडा भुगा झाला तर पाणी द्यावें. बोटांमधून पाणी ओघळलें व कुजका वास आला, तर चर खणून तुंबलेल्या पाण्यास वाट करून द्यावी.